मशीनचे खाडे

मशीन बंद करू नकोस, हे मी अक्काला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. फोनवर सांगितलं, समोर बसून सांगितलं, शेवटी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून भिंतीला डकवली. अक्काचं आपलं एकच. शेवटचं दूध मोजून झालं, पावती फाडून दिली, की हिचा हात बटणावर. नुसत्या बटणानं बाईचं समाधान व्हायचं नाही, वर पिनसुद्धा उपसून ठेवायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वडूजच्या पलीकडं एका गावात दिलेली. भावजी फौजेत, त्यामुळं घर, दोन म्हशी आणि गावची दूध डेअरी हे सगळं तिच्याच अंगावर. डेअरी म्हणजे काय, तर घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, वजनकाटा, दुधातली फॅट मोजायचं मशीन आणि या दोघांना जोडलेली एक पेटी. माणूस किटली घेऊन येणार, दूध ओतणार, पेटीतून पावती निघणार. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिच्या दारात. चार बायकांत तिला जो मान होता तो त्या टेबलामागं बसण्यामुळं होता, आणि तो मान तिला फार प्यारा होता. का नसावा?

ती पेटी मी दिलेली, अक्का तिलाच मशीन म्हणायची. इथूनच सगळं बिनसलं.

मी राहते कराडला. पुण्यात दहा वर्षं नोकरी करून कंटाळले आणि परत आले. कृष्णेच्या बाजूला एका दुकानाच्या वरच्या तीन खोल्यांत दोघा मित्रांची छोटी कंपनी आहे, त्यातला एक कुंडलचा. ते डेअरीच्या पेट्या बनवतात आणि पेटीच्या आतलं प्रोग्रामचं काम मी बघते. मधे असं झालं की ज्या प्रोसेसरवर आमच्या पेट्या चालायच्या तो मिळेनासा झाला. मग नव्या जातीचा प्रोसेसर घ्यायचं ठरलं. नवी जात म्हणजे फक्त नवं मॉडेल नव्हे, आतली भाषाच वेगळी.

आता मशीनला वीज मिळाली की आत काय होतं, ते जरा सांगते, नाहीतर माझा राग कशावर आहे ते कळायचं नाही. आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो सगळं तपासतो आणि मग मोठ्या प्रोग्रामच्या हातात कारभार सोपवून बाजूला होतो. एका तलाठ्याची बदली झाली की तो नव्याला चार्ज देतो ना, तसंच. हा चार्ज कसा द्यायचा, देताना काय काय सांगायचं, याचे नियम लिहिलेले असतात. जगभरातली माणसं मेलवर भांडून-भांडून ते लिहितात. ते पाळले की कोणाचंही बोर्ड, म्हणजे प्रोसेसर बसवलेली पट्टी, असो, मोठा प्रोग्राम त्यावर बिनबोभाट सुरू होतो. जुन्या प्रोसेसरसाठी हे नियम होते. नव्यासाठी नव्हते. ते लिहायला माणसं पाहिजे होती, आणि मी हौसेनं हात वर केला.

खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटलं होतं. कराडात बसून मी असलं काहीतरी लिहितेय जे दूरदेशीची माणसं वाचणार! दर पंधरवड्याला मीटिंग. त्यांची सकाळ, माझी दुपार. मी साडीवर कोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आणि काम केलं काय? जुन्या प्रोसेसरचं प्रकरण उघडलं आणि त्याच्यावरनं नवं उतरवून काढलं. जिथं जुन्याचं नाव तिथं नव्याचं. एका वयस्कर गृहस्थांनी मेलवर सौम्यपणे विचारलंही, बाई, कोअरचं काय? प्रोसेसरमध्ये काम करणारे चार कोअर असतात, त्यातला कोणता आधी उठला ते नव्या जातीत मोठ्या प्रोग्रामला आपलं आपण कळत नाही, ते फर्मवेअरनं सांगावं लागतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी उत्तर दिलं, आमच्या बोर्डावर नेहमी शून्य नंबरचाच कोअर आधी उठतो, मी स्वतः पाहिलंय. त्या गृहस्थांनी विषय सोडून दिला. बाई एवढ्या ठामपणे सांगतेय म्हटल्यावर कोण बोलणार?

तर अशा प्रोसेसरची पहिली पेटी मी अक्काच्या टेबलावर नेऊन ठेवली. घरचीच बहीण, काही अडलं तर लगेच कळेल, हा हिशोब. पावसाळ्याच्या शेवटी ठेवली आणि पेटी झकास चालली. अक्कानं खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मी फोटो काढून कंपनीत दाखवला.

मग थंडी पडली आणि एक दिवस सकाळी सव्वासहाला फोन.

"ए, मशीन बसलीया बघ."

"बसलीया म्हंजे?"

"बसलीया म्हंजे बसलीया. दिवा लागलाय, पन फुडं काय न्हाई. दारात वीस मानसं हायती."

"पिन काढ, परत लाव."

"लावली की दोनदा. मला काय येडी समजतीस?"

तिसऱ्यांदा लावल्यावर झाली सुरू. मी म्हटलं, होतं असं कधीकधी. पण दर खेपेला पेटी बसलीय हे कळायलाच तीन-चार मिनिटं जायची. आणि दुधाची गाडी साडेसातला यायची ती पाच मिनिटांच्या वर थांबायची नाही, पुढं तिला आणखी गावं. दूध संघाचा नियम असा की मशीनच्या पावतीशिवाय दूध घ्यायचं नाही. शिवाय दुसरा नियम: तीन वेळा गावचं दूध गाडीला चुकलं की ते केंद्र बंद, आणि गावानं शेजारच्या गावात जाऊन दूध घालायचं.

पौषात एकदा गाडी चुकली. गावचं सगळं दूध परत घरोघर गेलं. आठ दिवसांनी दुसऱ्यांदा चुकली. एक म्हातारा अक्काला तोंडावर म्हणाला, "भनीची मशीन आनलीस, आता भनीलाच इक आमचं दूध." अक्कानं मला हे हसत सांगितलं. हसत सांगितलं म्हणूनच मला जास्त लागलं.

आणि मी काय केलं? खापर अक्कावर फोडलं. सरळ. म्हटलं, सारखी बंद-चालू करतेस म्हणून होतंय. जगात कोण असं दिवसातून दोनदा पिन उपसतं? चालू राहू दे, काही बिघडत नाही.

"तू कराडात बसून सांगू नगो," अक्का म्हणाली. "हितं लाईनीचा न्यूट्रल तुटतो, मग वीज दुप्पट येती. मागं तुटला तवा घराघरांतलं बलप फटाफट फुटलं, माजा टीव्ही जळला, शेजारणीचा फ्रिज गेला. काम झालं की बंद करायचं. मी तर करनार."

"अगं पण मशीन तुझी का माझी?"

"मशीन तुजी. खोली माजी."

मी फोन आपटला. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

इकडं कराडात मी दिवस-दिवस बोर्ड बंद-चालू करत बसले. एकदा म्हणून बसेना. मुळात जी पेटी उठलीच नाही ती आपण का उठलो नाही हे लिहून तरी कुठं ठेवणार? हातात काहीच लागेना. मीटिंगमध्ये दबक्या आवाजात म्हटलं, एका ठिकाणी असं असं होतंय. प्रोसेसर बनवणाऱ्यांचा जो माणूस मीटिंगला असायचा त्यानं विचारलं, किती वेळा? मला सांगता येईना. तो म्हणाला, मग वापरणाऱ्याची चूक असेल. मी मान डोलावली. लाज वाटते सांगायला, पण डोलावली.

माघात एका शनिवारी मी मुक्कामाला अक्काकडं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खोलीत आले तर तोंडातनं वाफ निघत होती. अक्कानं पिन लावली, बटण दाबलं. दिवा लागला. पुढं काही नाही. माझ्या डोळ्यांदेखत पेटी मख्ख. अक्कानं पिन उपसली, आणि टेबलामागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं त्याच्यावर पेन्सिलनं त्या दिवसाच्या चौकोनात एक फुली मारली. मग पिन परत लावली.

"ती फुली कसली?"

"खाडा."

खाडा आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक. दूधवाला आला नाही, कामवाली आली नाही, की कॅलेंडरवर फुली. पण अक्काच्या घरी दूधवाला कुठला?

"कुनाचा खाडा?"

"मशीनचा. आली न्हाई कामावर की मांडते. दुसरं काय करू?"

मी कॅलेंडरची पानं उलटली, त्याच्यामागं टांगून ठेवलेल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचीसुद्धा. पहिल्या दिवसापासून सगळं मांडलेलं. चौकोनाच्या वर फुली म्हणजे सकाळ, खाली म्हणजे संध्याकाळ. दोन फुल्या म्हणजे दोनदा बसली. आश्विनात एकही नाही. कार्तिकात तुरळक. मार्गशीर्ष-पौषात सगळं पान भरलेलं, आणि सगळ्या फुल्या वर, चौकोनाच्या डोक्याला. संध्याकाळची एकही नाही. मी ज्या टेबलाशी बसून अक्काला चार वेळा अक्कल शिकवली त्याच टेबलाच्या मागं हे टांगलेलं होतं आणि मी त्याला पाठ करून बसले होते.

"अगं, हे मला आधी का दाखवलं नाहीस?"

"तू इचारलंस कवा?"

त्या दिवशी पेटी चौथ्या खेपेला उठली, गाडी जेमतेम सापडली. संध्याकाळी कराडला परत आल्याआल्या मी एक पेटी फ्रिजमध्ये ठेवली, दह्याच्या भांड्याशेजारी. तासाभरानं काढून वीज दिली. बसली! आनंदानं ओरडले मी. परत ठेवली, परत बसली. गार झाली की शून्य नंबरचा कोअर मागं पडायचा आणि दोन नाहीतर तीन नंबरचा आधी उठायचा. फर्मवेअर मात्र मोठ्या प्रोग्रामला चार्ज देताना सांगायचं, शून्य नंबर उठलाय. आणि तो बिचारा शून्याची वाट बघत बसायचा. फर्मवेअर असं का सांगायचं? कारण प्रोसेसर बनवणाऱ्यांनी आमच्या नव्या नियमांचा मसुदा बघून ते बनवलेलं, आणि मसुद्यात या गोष्टीचा उल्लेखच नव्हता. मसुदा मी लिहिला होता. दह्याचं भांडं हातात घेऊन मी तिथंच खाली बसले.

तुम्ही म्हणाल, मग दुरुस्त करायचं. दुरुस्त काय कपाळ करणार? फर्मवेअर त्यांनी कुलूपबंद करून दिलेलं, आम्हाला हात लावता येत नाही. आणि ते म्हणणार, नियमात नाही ते आम्ही का करू? म्हणजे नियम बदलला तर फर्मवेअर बदलणार, फर्मवेअर बदललं तर पेटी उठणार. मी त्या रात्रीच मेल लिहिला. चूक माझी आहे, ते वयस्कर गृहस्थ बरोबर होते, कोणता कोअर उठला हे सांगणं सक्तीचं करा.

आणि सुरू झालं चऱ्हाट. सक्तीचं कशाला, ऐच्छिक ठेवू. ऐच्छिक ठेवलं तर कोणी करणार नाही. आधीच बाजारात गेलेल्या बोर्डांचं काय. हे या आवृत्तीत घ्यायचं का पुढच्या. एका मीटिंगला माणसं कमी म्हणून विषय पुढं. दुसऱ्या मीटिंगला माणसं होती तर वेळ संपली. प्रोसेसरवाला म्हणाला, पुरावा? मी कॅलेंडरच्या पानांचे फोटो पाठवले आणि प्रत्येक फुलीचा अर्थ खाली लिहिला. त्यावर एकानं विचारलं, तारखेच्या चौकोनात चंद्राचं चित्र का आहे आणि त्याचा बिघाडाशी संबंध आहे का. संकष्टीचा चंद्र हो तो! मी दात-ओठ खात सभ्य भाषेत उत्तर लिहिलं. आणखी एकजण म्हणाला, दिवसातून दोनदा बंद-चालू करणं हा काही साधारण वापर नव्हे. माझंच वाक्य, माझ्या तोंडावर. आता मला त्या वाक्याचा इतका संताप आला की मी कॅमेरा बंद करून खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या. दिवसाचं काम झालं की वस्तू बंद करायची, हा कुठल्या देशात गुन्हा आहे?

पण गाडी काही माझ्या नियमासाठी थांबणार नव्हती. दोन चुका झालेल्या, तिसरी झाली की संपलं. मग मी अक्काला फोन केला. या खेपेला भांडले नाही, अजिजी केली.

"अक्का, तुझं खरं होतं, चूक माझीच हाय. पण पेटी गार झाली की बसती, आणि चालू राहिली की गार होत न्हाई. नियम मंजूर होईपर्यंत तेवढी बंद करू नको. माझ्यासाठी."

"किती दिस?"

"पंधरा-वीस."

"बरं. तू म्हनतीस तर ऱ्हाऊ दे चालू."

आणि तिनं खरंच ठेवली. फाल्गुनाचा अख्खा महिना कॅलेंडरवर एक फुली नाही. पंधरा दिवसांचे महिना-दीड महिना झाले, मीटिंगचं घोंगडं भिजतच होतं. थंडी सरली होती, खरं तर आता बंद केली असती तरी चाललं असतं. हे मला सुचलं नाही का? सुचलं होतं. म्हटलं, उगीच कशाला जोखीम, सुरळीत चाललंय तर चालू दे.

चैत्रात एका पहाटे, दूध यायच्या आधी, लाईनमन विजेच्या डांबावर चढले होते. न्यूट्रल सुटला. गावभर बल्ब फुटले. अक्काचा नवा टीव्ही वाचला, त्याची पिन तिनं रात्रीच काढलेली होती. पंखा वाचला. शेजारणीकडं काही गेलं नाही, त्या गावात सगळे शहाणे झालेले. एकच वस्तू चालू होती त्या घरात.

मी दुपारपर्यंत पोचले. खोलीत जळक्या वायरीचा वास. पेटीची एक बाजू काळी पडलेली, वरचं खंडेनवमीचं हळदकुंकू तसंच. गाडी तिसऱ्यांदा चुकली होती; दारात कुणीकुणी ओतून दिलेल्या दुधाची ओल होती, बाकीचं घरोघर परत गेलं होतं. अक्का टेबल पुसत होती. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. मी तिच्या जागी असते तर गाव गोळा केलं असतं.

"च्या ठेवते," एवढंच म्हणाली.

"अक्का, मी तुला सांगितलं नसतं तर..."

"सांगितलंस, मी ऐकलं. आता काय त्याचं?"

मी तिथंच रडले. ती नाही रडली. तिनं कॅलेंडरवर त्या दिवशी फुली मारली नव्हती, ते मी बघितलं. मशीनचा खाडा नव्हताच तो.

संघाची माणसं दोन दिवसांनी येऊन वजनकाटा, फॅटचं मशीन आणि भिंतीवरचे सगळे कागद उचलून शेजारच्या गावात घेऊन गेली. नियम म्हणजे नियम. मी संघाच्या दारात जाऊन बसले, सांगितलं की चूक माझी आहे. ते म्हणाले, मॅडम, चूक कुणाची हे आमच्या नियमात लिहिलेलं नाही.

पुढच्या मीटिंगला माझा विषय आला आणि तीन मिनिटांत मंजूर झाला. सक्तीचा. कोणाचीच हरकत नव्हती. प्रोसेसरवाल्यानं तर सांगितलं की फर्मवेअर आधीच दुरुस्त करून ठेवलंय. आधीच! त्या वयस्कर गृहस्थांनी माझं अभिनंदन केलं, कॅलेंडरवर नोंदी ठेवणाऱ्या बाईंना नमस्कार सांगा म्हणाले. एवढा सोपा निर्णय होता तर अडीच महिने काय झोपला होतात, हे तोंडापर्यंत आलं होतं. धन्यवाद म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

रविवारी नवी, सुधारलेली पेटी घेऊन मी अक्काच्या गावी गेले. कशाला नेली, मलाच ठाऊक. केंद्र आता शेजारच्या गावात, म्हणजे पेटी तिकडंच द्यायची. संध्याकाळची धार काढून अक्का किटली घेऊन निघालीच होती. आम्ही दोघी बांधाबांधानं चालत गेलो.

"झालं बघ अक्का मंजूर," मी वाटेत म्हटलं. "आता कवाबी बंद कर, कवाबी चालू कर, बसायची न्हाई."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि किटली या हातातनं त्या हातात घेतली.

तिथल्या टेबलामागं एक भला माणूस बसला होता. मी तिथली जुनी पेटी काढून नवी बसवली, वीज दिली, पहिल्या झटक्यात उठली. लोकांनी दूध घातलं. अक्का रांगेत सातवी होती. तिची पावती निघाली तेव्हा मागं कोणी उरलं नव्हतं, तीच शेवटची. तिनं पावती घडी करून कनवटीला लावली आणि तिचा हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडं गेला.

"आवं वैनी, हात लावू नगा!" तो माणूस जागचा उठला. "बंद करायची न्हाई ती मशीन. मॅडमचीच आर्डर हाय."

त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं. बटणाच्या वर, कोपरा फाटलेली, नव्या चिकटपट्टीनं लावलेली, अक्काच्या भिंतीवरची माझी चिठ्ठी होती. मशीन बंद करू नये. माझ्याच मोठ्या अक्षरात.

अक्कानं हात मागं घेतला. "चुकलं," म्हणाली, आणि रिकामी किटली उचलून बाहेर जाऊन उभी राहिली.